इजिप्तचे नाव, लंडनचा जन्म : एका ठळक अक्षराची साक्ष

१/ आजचा धागा एका अक्षरवळणाविषयी आहे. काऊबॉय चित्रपटांतील 'वॉन्टेड'च्या पत्रकावर, सर्कशीच्या जाहिरातीवर, टंकलेखन यंत्रातून निघालेल्या कागदावर आणि अलीकडे इतिहासविषयक चित्रफितींच्या शीर्षकांत दिसणारे ते जाड, चौकोनी पायांचे रोमन अक्षर. त्याला 'स्लॅब सेरिफ' म्हणतात. माझे म्हणणे आरंभीच मांडतो. छापील अक्षराचे वळण हे इतिहासाचे साधन आहे, आणि आपण त्याची उलटतपासणी करत नाही, ही आपल्या अभ्यासातील ठळक उणीव आहे.

२/ प्रथम रूप पाहू. रोमन अक्षराच्या दांड्याच्या टोकाला जी आखूड आडवी रेघ असते, तिला सेरिफ म्हणतात. पुस्तकी अक्षरात ती नाजूक असते. स्लॅब सेरिफमध्ये मात्र ती रेघ दांड्याइतकीच जाड होते आणि तिची टोके काटकोनात छाटल्यासारखी दिसतात. 'स्लॅब' हा शब्द मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. घराच्या भिंतींवर ओतलेली सलग, सपाट, जड लादी डोळ्यांपुढे आणा. अक्षराच्या डोक्यावर आणि पायाशी तशीच लादी बसवली आहे.

३/ या कुळाच्या तीन मुख्य शाखा ओळखता आल्या पाहिजेत. पहिलीत दांडा आणि लादी यांचा सांधा सरळ काटकोनाचा असतो. दुसरीत त्या सांध्यात किंचित गोलाई भरलेली असते आणि रेघांच्या जाडीतही थोडा चढउतार असतो. ही 'क्लॅरेंडन' शाखा. तिसरीत सगळा हिशेब उलटा केलेला असतो : उभे दांडे बारीक आणि आडव्या लाद्या अवाढव्य. चित्रपटांनी आपल्या मनावर ठसवलेले 'वेस्टर्न' अक्षर ते हेच. धाग्याच्या उत्तरार्धात या तिन्हींची गरज पडेल.

४/ हे अक्षर येण्यापूर्वी युरोपातील छपाई कशी होती? अठराव्या शतकाच्या अखेरीस पार्मा येथील बोदोनी आणि पॅरिस येथील दिदो घराणे यांनी रोमन अक्षर कमालीचे सडपातळ व डौलदार केले होते. जाड दांडा आणि केसासारखी बारीक सेरिफ, असा तीव्र विरोध त्यात होता. ते अक्षर गुळगुळीत कागदासाठी, शांतपणे बसून वाचणाऱ्यासाठी घडले होते. वाचक हातात ग्रंथ घेऊन बसला आहे, हे त्यात गृहीतच होते.

५/ एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडनमध्ये हे गृहीतक मोडले. नाटकांची पत्रके, घोडागाड्यांची वेळापत्रके, लिलावाच्या नोटिसा आणि विशेषतः सरकारी लॉटरीच्या जाहिराती भिंतींवर एकमेकींना खेटून लागू लागल्या. लोखंडी मुद्रणयंत्रे आली, आणि २९ नोव्हेंबर १८१४ रोजी लंडनचे 'टाइम्स' वाफेच्या यंत्रावर छापले गेले. आता वाचक चालत होता, घाईत होता आणि दूर उभा होता. त्याची नजर पकडणे हे छापखान्यांचे नवे काम झाले.

६/ पहिला उपाय सोपा होता : पुस्तकी अक्षराचे दांडेच फुगवायचे. लंडनच्या रॉबर्ट थॉर्न याचे नाव या 'फॅट फेस' प्रकाराशी जोडले जाते. पण दांडा फुगला तरी सेरिफ केसाएवढीच राहिली. दुरून ती दिसेना, आणि छपाईच्या दाबाखाली अशा नाजूक रेघा झिजत, तुटत. मग सेरिफच जाड करावी, हा विचार पुढे येणे स्वाभाविक होते. अक्षराची ताकद सर्व बाजूंनी सारखी झाली आणि भिंतीवरचा शब्द लांबून वाचता येऊ लागला.

७/ लाकडी ठशावर कोरलेले असे अक्षर १८१० च्या एका लॉटरीच्या जाहिरातीत आढळते. शिशाच्या खिळ्यांत ते आणण्याचा मान सामान्यतः व्हिन्सेंट फिगिन्स या लंडनच्या खिळे ओतणाऱ्याकडे जातो. त्याच्या नमुनापुस्तिकेत ते 'अँटिक' या नावाने, केवळ मोठ्या लिपीत आले. पुस्तिकेवर वर्ष १८१५ आहे. प्रत्यक्षात ती १८१७ च्या सुमारास बाहेर पडली असावी, असे अभ्यासक मानतात. छापलेली तारीख आणि खरी तारीख यांत फरक असू शकतो, हा धडा या अक्षराच्या जन्मदाखल्यातच आहे.

८/ आता नावाची गंमत पाहा. पुढे हे अक्षर 'इजिप्शियन' म्हणून ओळखले जाऊ लागले. परंतु १८१६ मध्ये कॅस्लन घराण्यातील चौथ्या विल्यमने ज्या अक्षराला 'इजिप्शियन' म्हटले, त्याला सेरिफ मुळीच नव्हती! थॉर्न १८२० मध्ये वारला. त्याचा कारखाना विल्यम थॉरोगुडने लॉटरीत मिळालेल्या पैशांतून विकत घेतला, असे मुद्रणाचा इतिहास सांगतो. थॉरोगुडच्या नमुन्यांत ते नाव लादीच्या अक्षराला चिकटलेले दिसते. सेरिफ नसलेले आणि सर्वांत जाड सेरिफ असलेले, अशा दोन विरुद्ध अक्षरांचे नाव एकच!

९/ मग इजिप्त आले कुठून? नेपोलियनने १७९८ मध्ये इजिप्तवर स्वारी केली. १७९९ मध्ये रोझेटा शिला सापडली, ती १८०२ मध्ये ब्रिटिश म्युझियममध्ये पोहोचली. १८१२ मध्ये लंडनच्या पिकॅडिली रस्त्यावर 'इजिप्शियन हॉल' उभा राहिला. इमारती, फर्निचर, पोशाख, सगळीकडे इजिप्तची हवा होती. शांपोलियोंने चित्रलिपीच्या उलगड्याची घोषणा केली ती १८२२ मध्ये. म्हणजे हे नाव रुळले तेव्हा इजिप्तची लिपी लंडनमध्ये कोणालाच नीट वाचता येत नव्हती.

१०/ यावरून निष्कर्ष स्पष्ट आहे. 'इजिप्शियन' हे नाव त्या अक्षराची वंशावळ सांगत नाही. ते गिऱ्हाइकाची आवड सांगते. 'अँटिक', 'इटालियन', 'फ्रेंच क्लॅरेंडन' ही नावेही बहुतांशी त्याच बाजारातली. इतिहासाच्या विद्यार्थ्याने अशा नावाकडे पुरावा म्हणून पाहू नये. ज्या काळाने ते दिले, त्या काळाची मनोवृत्ती त्यात शोधावी. लेबल खोटे असले तरी ते कोणी आणि का लावले, ही माहिती खरीच असते.

११/ जुन्या वळणाच्या मुद्रकांना हे अक्षर रुचले नाही. थॉमस कर्सन हॅन्सर्ड याने १८२५ च्या आपल्या 'टायपोग्राफिया' या ग्रंथात नव्या जाडजूड अक्षरांवर कडक टीका केली. त्याची सौंदर्यदृष्टी मला समजते. ही अक्षरे ग्रंथाच्या पानभर लावली तर वाचणाऱ्याचे डोके उठेल. पण ती ग्रंथासाठी नव्हतीच. रस्त्यावरच्या माणसालाही काही वाचायला द्यायचे आहे, हे त्यांनी मान्य केले होते. देवघरातल्या समईने चौकात उजेड पडत नाही, एवढे ध्यानात घेतले की हा वाद बराचसा मिटतो.

१२/ दुसरी शाखा १८४५ ची. लंडनच्या फॅन स्ट्रीट येथील त्याच कारखान्यातून रॉबर्ट बेस्ली याने 'क्लॅरेंडन' बाजारात आणले. इंग्लंडच्या नव्या कायद्याखाली त्याची नोंदणी झाली, पण संरक्षण केवळ तीन वर्षांचे होते. मुदत सरताच इतर कारखान्यांनी नकला काढल्या आणि 'क्लॅरेंडन' हे विशेषनाम सामान्यनाम होऊन बसले. बेस्ली पुढे १८६९ मध्ये लंडनचा लॉर्ड मेयर झाला. खिळे ओतण्याच्या धंद्यात पैसा आणि प्रतिष्ठा किती होती, ते यावरून दिसते.

१३/ क्लॅरेंडनचे खरे महत्त्व वेगळे आहे. चालू मजकुराच्या ओळीतच एखादा शब्द उठून दिसावा, म्हणून त्याच आकाराचे जाड अक्षर वापरणे त्याने सोयीचे केले. ऑक्सफर्डच्या प्रचंड इंग्रजी कोशाचा पहिला भाग १८८४ मध्ये निघाला, तेव्हा त्यातील मुख्य शब्द क्लॅरेंडनमध्ये छापले होते. आज आपण संगणकावर 'बोल्ड' करतो, त्या सवयीचा एक पूर्वज इथे आहे. जाहिरातीत ओरडणारे अक्षर कोशात शिरले आणि वाट दाखवू लागले.

१४/ आता अटलांटिक ओलांडू. भिंतीवरच्या पत्रकाला वीतभर उंचीचे अक्षर हवे असे. एवढा मोठा शिशाचा खिळा फार जड होई, महाग पडे, आणि ओतताना त्याचा पृष्ठभाग एकसारखा राहणे कठीण असे. न्यूयॉर्कच्या डेरियस वेल्सने १८२७ मध्ये लाकडी अक्षरे यंत्राने कोरण्याची युक्ती काढली. १८३४ मध्ये विल्यम लेव्हनवर्थने तिला पँटोग्राफची जोड दिली. आता एका आराखड्यावरून लहानमोठी, रुंद, चिंचोळी, हवी तशी अक्षरे निघू लागली.

१५/ लादीचे अक्षर लाकडाला मानवले. त्यात मोडून पडेल असा बारीक अवयव नव्हता. म्हणून नाटके, सर्कशी, जनावरांचे बाजार, निवडणुका आणि गुलामांचे लिलाव, या सगळ्यांच्या पत्रकांत जाड अक्षरे सर्रास दिसतात. हे वाक्य वाचताना अस्वस्थ वाटले पाहिजे. ज्या पेटीतून विनोदी नाटकाचे शीर्षक जुळवायचे, त्याच पेटीतून माणसांच्या विक्रीची नोटीसही जुळवता येई. 'जुन्या काळची गंमत' म्हणून हे वळण वापरताना त्याने कशाकशाची दवंडी पिटली, तेही ठाऊक असावे.

१६/ एक प्रत्यक्ष कागद पाहू. अब्राहम लिंकन यांच्या हत्येनंतर अमेरिकेच्या युद्ध खात्याने २० एप्रिल १८६५ ही तारीख घालून इनामाचे पत्रक काढले. एकूण इनाम १,००,००० डॉलर. बूथसाठी ५०,०००, त्याच्या दोन साथीदारांसाठी प्रत्येकी २५,०००. या पत्रकावर छायाचित्रे आहेत, निरनिराळ्या जाडीची आणि आकारांची अक्षरे आहेत, खाली दाट मजकूर आहे, आणि सरॅट व हेरोल्ड या दोघांच्याही आडनावांची स्पेलिंगे चुकलेली आहेत. घाईने काम करणाऱ्या छापखान्याचा श्वास त्यात ऐकू येतो.

१७/ याच्याशी चित्रपटातील 'वॉन्टेड'चे पत्रक ताडून पाहा. वर उलट्या जाडीचे एकच भव्य अक्षर, मध्ये चित्र, खाली रक्कम, कागद चहात बुडवल्यासारखा पिवळा. त्या अक्षराचा संगणकावरील एक अतिशय प्रचलित अवतार म्हणजे 'प्लेबिल'. तो रॉबर्ट हार्लिंग या इंग्रजाने १९३८ मध्ये शेफील्डच्या स्टीफनसन ब्लेक कंपनीसाठी आखला. म्हणजे अमेरिकेच्या रानटी पश्चिमेचे म्हणून आपण जे अक्षर ओळखतो, त्याचा हा अवतार दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर इंग्लंडमध्ये घडला!

१८/ विसाव्या शतकात हे कूळ आणखी एकदा जन्मले. १९२२ मध्ये तुतनखामेनची कबर सापडली आणि इजिप्तचे वारे पुन्हा वाहू लागले. जर्मनीत १९२९ च्या सुमारास 'मेम्फिस' आले. इतरत्र 'कैरो', 'कार्नाक' अशी नावे निघाली. मोनोटाइप कंपनीचे 'रॉकवेल' १९३४ चे. यांत १९३० च्या दशकाच्या आरंभीचे हाइनरिख योस्टचे 'बेटॉन' मला सर्वांत प्रामाणिक वाटते. जर्मन भाषेत बेटॉन म्हणजे काँक्रीट. शंभरेक वर्षांनी का होईना, स्लॅबला स्लॅबचे नाव मिळाले.

१९/ टंकलेखन यंत्रात याच पायांना निराळे काम मिळाले. तिथे प्रत्येक अक्षराला सारखीच रुंदी लागते. मग 'आय' किंवा 'एल'सारखे किरकोळ अक्षर आपल्या जागेत हरवून जाते. त्याला रुंद पाय दिले की ती जागा भरते. १९५० च्या दशकात आयबीएमसाठी हॉवर्ड केटलरने आखलेले 'कुरिअर' याच तत्त्वावर उभे आहे. अमेरिकेचे परराष्ट्र खाते २००४ पर्यंत त्याच्याच संगणकी रूपात आपले कागद लिहीत होते. दवंडीचे अक्षर अशा रीतीने सरकारी दप्तराचा आवाज झाले.

२०/ एवढा प्रपंच कशासाठी? आपल्याकडे मोडी कागद समोर आला की जाणकार लगेच प्रश्न विचारतो. वळण शिवकालीन की पेशवेकालीन? कागद कोणता? शिक्का आणि मोर्तब जागच्या जागी आहेत का? कालगणना जुळते का? वि. का. राजवाडे यांच्यापासून चालत आलेली अस्सल साधनांची ही शिस्त मराठी इतिहासलेखनाचे भूषण आहे. पण तोच जाणकार छापील कात्रण पाहताच निःशंक होतो. हाताचे वळण तपासायचे आणि यंत्राच्या वळणावर डोळे मिटून विश्वास ठेवायचा, हे विसंगत आहे.

२१/ छापील वळणाला प्रश्न विचारता येतात, आणि उत्तरेही मिळतात. १७९० सालचे म्हणून दाखवलेल्या इंग्रजी पत्रकाचे शीर्षक लादीच्या खिळ्यांत जुळवलेले असेल, तर थांबावे. असे खिळे तेव्हा कोणी ओततच नव्हते. १८५७ चे म्हणून फिरणारे इंग्रजी कात्रण 'रॉकवेल'मध्ये असेल, तर ते १९३४ च्या आधीचे नाही. प्रत्येक अक्षरवळणाला जन्मतारीख असते. कागद त्याहून जुना असू शकत नाही, एवढी एक पक्की सीमा आपल्या हाती लागते.

२२/ या कसोटीची मर्यादाही सांगितली पाहिजे. ती खोटे उघड करू शकते, खरे सिद्ध करू शकत नाही. जुन्या वळणाच्या नव्या प्रती आज कोणालाही संगणकावर मिळतात. शिवाय पाटी रंगवणारे आणि लाकूड कोरणारे कारागीर खिळ्यांच्या आधीही तशी अक्षरे काढू शकत. १८१० ची लॉटरीची जाहिरात त्याचेच उदाहरण आहे. म्हणून अक्षराची साक्ष कागद, शाई, भाषा आणि मजकूर यांच्या साक्षीबरोबर घ्यावी. एकट्या साक्षीदारावर निकाल देऊ नये, पण त्याला न्यायालयाबाहेरही बसवू नये.

२३/ हा केवळ हौशी लोकांचा छंद आहे असे वाटत असेल, तर २०१७ मधील पाकिस्तानचे पनामा प्रकरण आठवा. फेब्रुवारी २००६ ची तारीख असलेला एक दस्तऐवज चौकशीत पुढे आला. तो 'कॅलिब्री' या अक्षरात होता, आणि ते सामान्य वापरासाठी २००७ मध्ये उपलब्ध झाले. त्यावरून त्या कागदाच्या सत्यतेवर प्रश्नचिन्ह उभे राहिले. देशाच्या राजकारणाला हादरवणाऱ्या खटल्यात एका अक्षरवळणाची उलटतपासणी झाली. मग आपल्या मोबाइलवर येणाऱ्या 'दुर्मीळ कात्रणां'ची का होऊ नये?

२४/ काही मित्र म्हणतील, अक्षर ही सजावट आहे, मजकूर बरोबर असला म्हणजे झाले. मला हे पटत नाही. जाड, जुनाट अक्षर वाचकाला न सांगता सांगते की हे जुने आहे, हे अधिकृत आहे. सतराव्या शतकातील मराठी घटनेवरील चित्रफितीला 'वॉन्टेड'च्या वळणातले इंग्रजी शीर्षक आणि डागाळलेला कागद दिला, तर दोन शतके आणि दोन खंड एकत्र कालवले जातात. मजकुरात चूक नसेलही. पण पाहणाऱ्याच्या मनात उभा राहणारा काळ चुकलेला असतो, आणि तो दुरुस्त करणे फार कठीण जाते.

२५/ देवनागरीची गोष्ट तर आणखी निराळी. रोमन अक्षर पायांवर उभे राहते. आपले अक्षर शिरोरेखेला लटकते. त्याला सेरिफ नाही, म्हणून लादीचे पायही नाहीत. मराठी शीर्षक ठळक करायचे तर रेघाच जाड कराव्या लागतात आणि आतल्या पोकळ्या बुजणार नाहीत याची काळजी घ्यावी लागते. 'श' किंवा 'क्ष' जाड करून पाहा, अडचण कळेल. इंग्रजी 'जुनाटपणा' देवनागरीवर जसाच्या तसा चढवला की ती आपली राहत नाही आणि इंग्रजीही होत नाही.

२६/ म्हणून इतिहासाच्या पानांवर लिहिणाऱ्या आणि ती वाचणाऱ्या सर्वांना एक विनंती. जुने छापील कात्रण पुढे पाठवण्यापूर्वी मजकुराबरोबर अक्षराकडेही दोन मिनिटे पाहा. सेरिफ आहे का, तिचा सांधा काटकोनाचा की गोल, दांडा जाड की लादी जाड? मग ते वळण केव्हाचे, ते शोधा. आणि स्वतः चित्र तयार करताना 'जुने दिसते' एवढ्यासाठी अक्षर निवडू नका. ज्या काळाविषयी लिहीत आहात त्या काळाचा एखादा खरा छापील किंवा हस्तलिखित नमुना समोर ठेवा.

२७/ तुमच्या घरी, गावच्या वाचनालयात किंवा रद्दीच्या दुकानात एखादे जुने इंग्रजी पत्रक, लेबल, तिकीट वा पावती असेल आणि तिच्यावर लादीच्या पायांचे अक्षर असेल, तर तिचे छायाचित्र खाली जरूर द्या. त्यावरची तारीख आणि अक्षराचे वळण एकमेकांशी जुळतात का, ते आपण मिळून ताडून पाहू. धागा येथे संपला.